काळीवर घर बांधताना

परभणीतल्या आमच्या जुन्या घराचं देवघराचं दार आषाढ लागला की बसायचं नाही. अप्पा सुताराला बोलवायचे, तो रंधा मारून जायचा आणि उन्हाळ्यात त्याच दारातून बोटभर फट दिसायची. मधल्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघायची, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या उतरल्यासारखी खाली जायची. मे महिन्यात त्या भेगेत रुपयाचं नाणं उभं मावायचं, गणपतीच्या सुमाराला ती इतकी मिटायची की नखही जायचं नाही. दर दिवाळीला लांबी भरायची, रंग द्यायचा, आणि होळीला तीच भेग त्याच जागी. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरात असं असतं.

घर १९८८ चं. साडेचार फूट खणून, दगडी पाया घालून बांधलेलं. गवंड्यानं काही चोरलं नव्हतं, सिमेंट कमी घातलं नव्हतं. अप्पा स्वतः रोज उभे असायचे. तरी तीस-बत्तीस वर्षं ते घर आम्ही डागडुजी करतच राहिलो. त्यामुळे मी आणि माझ्या नवऱ्यानं तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होती. नकाशा नंतर, आधी माती.

हे पहिल्या ठेकेदाराला पटलं नाही. "मॅडम, इथं सगळेच पाच-सहा फूट खणतात. पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट टाकू, खांबाखालचं फुटिंग जरा मोठं घेऊ, सळई वाढवू. माती परीक्षण काय मोठमोठ्या बिल्डिंगीला करतात." अप्पांनाही तो खर्च नको वाटत होता. "कामून पैसे घालायलीस? काळी आहे हे मी बी सांगतो की." अप्पांचं म्हणणं खोटं नव्हतं. काळी आहे हे प्लॉटवर पाय ठेवताच कळत होतं. पण किती फुटांपर्यंत काळी आहे, तिच्याखाली काय आहे आणि ती किती फुगते, या तीन गोष्टी वरून बघून कुणालाच सांगता येत नाहीत. आणि पाया ठरतो तो याच तिन्हींवर.

ओळखीतून एक निवृत्त प्राध्यापक भेटले. आयुष्यभर त्यांनी मृदा अभियांत्रिकीच शिकवलेली. आम्ही त्यांना सरच म्हणायचो. एप्रिलच्या शेवटी ते प्लॉट बघायला आले, तेव्हा जमीन अशी भेगाळली होती की जपून चालावं लागत होतं. सरांनी माझ्याकडून शाळेतली लाकडी मीटरपट्टी मागून घेतली आणि एका भेगेत सोडली. पट्टी अर्ध्याहून जास्त आत गेली. मग त्यांनी भेगेच्या काठची सुटी माती बोटानं ढकलली, ती आत पडली. "ही अशी दर उन्हाळ्यात वरची माती खाली जाते," ते म्हणाले, "आणि पावसाळ्यात सगळं फुगलं की तिला जागा पुरत नाही, म्हणून ती वर रेटते. काळी स्वतःच स्वतःला नांगरते." अप्पा शेतकऱ्याच्या घरातले. ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे. म्हणून तर आमचे लोक काळीत राहत नव्हते."

आमच्याकडे जमिनीची नावंच तशी आहेत. पिकवायची ती काळी, वसायची ती पांढरी. गावठाण पांढरीवर आणि शिवार काळीत, अशी जुन्या लोकांची वाटणी. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, होते तेव्हा सातबाऱ्यावरचा वापर बदलतो, खालची काळी मात्र तीच राहते. हे मला त्या दिवशी अप्पांच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा नीट उमगलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ड्रिलवाले आले. प्लॉटवर दोन बोअर घ्यायचे ठरले होते, एक पुढच्या उजव्या कोपऱ्यात आणि एक मागच्या डाव्या कोपऱ्यात. शिवाय मध्ये एक उघडा खड्डा, थर डोळ्यांनी बघायला. तिकाटणं उभं राहिलं तसे शेजारचे दोन-तीन जण गोळा झाले आणि दिवसभर एकच प्रश्न विचारत राहिले, "पाणी किती फुटांवर लागलं?" आमच्याकडे बोअर म्हणजे पाण्याचाच. मातीसाठी बोअर घेतात हे सांगितलं की लोक मान हलवायचे आणि तासाभरानं पुन्हा पाण्याचंच विचारायचे.

मी तो दिवस रजा टाकून तिथेच बसून होते. दर दीड मीटरला, शिवाय मध्येच माती बदलली तरी, काम थांबायचं आणि एसपीटी घ्यायचे, म्हणजे माती किती कडक आहे याची चाचणी. भोकाच्या तळाशी मधोमध चिरलेली एक पोलादी नळी टेकवायची आणि वरून साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा बरोबर ७५ सेंटीमीटर उंचीवरून सोडायचा. नळी पहिले पंधरा सेंटीमीटर आत जाईपर्यंतचे ठोके धरायचे नाहीत, कारण तळाची माती ड्रिलनं हललेली असते. पुढच्या तीस सेंटीमीटरला जितके ठोके लागतील तो आकडा लिहायचा. त्याला एन म्हणतात. एक पोरगा ठोके मोजत होता, मीही त्याच्याबरोबर मनात मोजत होते. मग नळी वर काढून उघडली की आतून मातीची लांबट कांडी निघायची. मधूनमधून पातळ पत्र्याची दुसरी नळी दाबून नमुना काढायचे आणि तिच्या दोन्ही टोकांना वितळलेलं मेण ओतायचे. मातीतली ओल प्रयोगशाळेत पोचेपर्यंत होती तशीच राहायला हवी, म्हणून हे मेण.

पहिल्याच आकड्यानं मला बरं वाटलं होतं. दीड मीटरवर एन आला १६. मी सरांना म्हटलं, चांगला आहे की. त्यांनी मला जे समजावून सांगितलं ते मी आता घर बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मे महिन्यातली काळी कुदळीला दाद देत नाही, वाळून दगड झालेली असते. तिच्यावर ठोके जास्त लागणारच. तोच आकडा ऑगस्टमध्ये घेतला तर निम्म्याच्याही खाली येईल. खरंच, तीन मीटरवर जिथे उन्हाळ्याची धग पोचलेली नव्हती, तिथे एन ७ आला. वरची माती कडक आणि खालची मऊ, असं उलटं चित्र. कुणी फक्त दीड मीटरचा आकडा बघून पाया ठरवला असता तर कागदावर सगळं बरोबर दिसलं असतं.

पुढच्या कोपऱ्यातल्या या बोअरमध्ये ३.२ मीटरपर्यंत काळी लागली. त्याखाली पिवळसर चिकणमाती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. तिथे ठोके १८, मग २३. साडेपाच मीटरला मुरूम आला आणि हातोडा नुसता वर उडायला लागला. पन्नास ठोक्यांत नळी दहा सेंटीमीटरही गेली नाही.

मागच्या कोपऱ्यातला बोअर वेगळाच निघाला. एक मीटरवर नळी उघडली तर काळ्या मातीत विटेचा तुकडा आणि प्लास्टिकच्या पिशवीची एक चिंधी. पावणेदोन मीटरपर्यंत सगळा भराव. त्याखाली काळी थेट ४.३ मीटरपर्यंत, आणि मुरूम सहा मीटरच्याही खाली. एकाच प्लॉटवर, पन्नास फुटांच्या अंतरात एवढा फरक! गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजोबांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. तिथून पूर्वी ओहोळ जायचा. लेआउट पाडताना तो बुजवला. सात-बारा, फेरफार, एनएचा आदेश, सगळी कागदं आम्ही वकिलाकडून तपासून घेतली होती. त्यातल्या एकाही कागदात ओहोळ नव्हता. तो सापडला मातीच्या कांडीत.

प्रयोगशाळेतल्या बऱ्याच चाचण्या मला बघता आल्या नाहीत, पण एक मी मुद्दाम जाऊन पाहिली. फुगवणीची. तिला फ्री स्वेल म्हणतात. चाळलेली, वाळवलेली दहा ग्रॅम माती दोन सारख्या काचेच्या नळकांड्यांत घालतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा रॉकेलमधली माती तळाशी मुकाट बसली होती, ११ मिलिलिटरच्या खुणेवर. पाण्यातली माती २४ वर होती. तीच माती, तेवढीच माती. मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे थरावर थर रचलेले. पाणी त्या थरांमध्ये शिरतं आणि त्यांना दूर सारतं, रॉकेल शिरू शकत नाही. म्हणून रॉकेल हे मोजमाप. अकरावर तेरा जास्त, म्हणून आमचा आकडा आला ११८ टक्के. शंभराच्या वर गेला की माती धोक्याच्या वर्गात धरतात. मी शाळेत मुलांना प्रयोग दाखवते, पण त्या दोन नळकांड्यांसमोर उभी असताना मला आमच्या देवघराचं दार आठवत होतं. तीस वर्षं रंधा मारला तो त्या तेरा मिलिलिटरमुळे.

अहवाल बावीस पानांचा होता. त्यात फुगण्याचा दाब होता चौरस मीटरला १४ टन. सरांनी त्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. आपण सगळे विचारतो, माती घराचं वजन पेलेल का? काळीच्या बाबतीत विचारायचं ते उलटं, की घर मातीचा रेटा दाबून धरेल का? एकमजली, दुमजली घराचं वजन त्या रेट्यापुढे थिटं पडतं. म्हणून काळीवर उंच इमारतींपेक्षा बैठ्या घरांना, कुंपणाच्या भिंतींना आणि ओट्यांना जास्त तडे जातात. आणि रेटा सगळीकडे सारखा नसतो. जिथे पागोळ्या पडतात, मोरीचं पाणी मुरतं, तिथे माती फुगते. जिथे मोठं झाड पाणी ओढतं, तिथे आकसते. जुन्या घराच्या एका कोपऱ्याला मोरी आणि दुसऱ्या कोपऱ्याला कडुनिंब होता. भेग बरोबर त्या दोघांच्या मधल्या भिंतीत होती. हे ऐकून अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. तो कडुनिंब त्यांनी घर बांधलं त्याच वर्षी लावला होता.

मग पायाचा विचार. सहा फुटांवर फुटिंग टाकायचा पर्याय तिथेच निकालात निघाला, कारण सहा फूट म्हणजे काळीच्या पोटात. मुरुमापर्यंत खणायचं तर अठरा-वीस फुटांचे खड्डे, तेही अशा मातीत जी एका पावसात कडेनं ढासळते. मजुरांना त्या खड्ड्यात उतरवायला सर तयार नव्हते आणि मीही नव्हते. पूर्ण घराखाली राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा एकच सलग थर, घालायचा तर एका बाजूला भराव आणि दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे तो कलायची भीती. ठरलं ते अंडररीम्ड पाइलवर.

हा पाया रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं आपल्या काळ्या मातीसाठी विकसित केला, आणि आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात त्याचे नियम आहेत. जमिनीत फूटभर व्यासाचं गोल भोक पाडायचं आणि खाली, जिथे ओल वर्षभर सारखीच असते, तिथे ते अडीचपट रुंद करायचं. काँक्रीट भरलं की खाली गड्डा असलेला खांब तयार होतो. पावसाळ्यात वरची काळी फुगताना खांबाला धरून वर ओढते, तेव्हा खालचा गड्डा त्याला सोडत नाही. म्हणूनच सळई वरपासून तळापर्यंत घालावी लागते. पुढच्या बाजूला पाच मीटर खोल, मागे ओहोळाच्या बाजूला सहा मीटर. बारा कॉलम, कोपऱ्यातल्या चौघांखाली एकेक आणि बाकीच्यांखाली दोन-दोन, असे वीस पाइल. अंदाजपत्रक पावणेतीन लाखांनी वाढलं. आम्ही वरच्या मजल्यावरची एक खोली त्या वर्षी सोडून दिली. पहिल्या ठेकेदारानं काम सोडलं, हे काम माहीत असलेला दुसरा शोधायला महिना गेला.

भोकं हातानं पाडली. चार माणसं दांडा धरून गोल फिरतात आणि ऑगर, म्हणजे मोठा गिरमिट, माती चिरत खाली जातो, दर दोन फुटांना वर काढून रिकामा करायचा. पाहिजे त्या खोलीला पोचलं की ऑगर काढून दुसरं हत्यार सोडतात. त्याला दोन पाती असतात आणि खाली बादली. वरून दाबलं की पाती छत्रीसारखी उघडतात आणि फिरताना कडेची माती कापत जातात, कापलेली माती बादलीत पडते. पाती पूर्ण उघडली का, हे वरच्या दांड्यावरच्या खुणेनं कळतं. पण सर त्यावर विसंबत नव्हते. त्यांनी काटकोनात वाकवलेली एक सळई करून घेतली होती. ती भोकात सोडून चारही बाजूंना फिरवायची. टोक कुठेही अडकलं तर गड्डा तिथे पुरता कापलेला नाही. प्रत्येक भोक असं तपासलं, मगच सळईचा सांगाडा उतरला आणि त्याच दिवशी काँक्रीट भरलं.

एकाच भोकाचं तसं झालं नाही. मागच्या रांगेतलं, भरावातलं. संध्याकाळी गड्डा कापून झाला, मिक्सर बंद पडला आणि काँक्रीट सकाळवर गेलं. रात्री वळवाचा पाऊस आला. वर पत्रा झाकला होता तरी पाणी आत गेलं. सकाळी सळई सोडली तर ती एका बाजूला निम्मीच फिरली आणि तळाला चिखल लागला. कामावरचा मुकादम म्हणाला, "ताई, थोडी माती पडली तर काय होतंय, वरून काँक्रीट दाबून बसतंय." मला त्याचा राग आला नाही. वीसपैकी एक, दिवस वाया जाणार, मजूर उभे. पण काँक्रीट चिखलाला बाजूला सारत नाही, त्याच्यावर बसतं, आणि तो खांब खाली टेकलेलाच नसतो. सरांना फोन केला. ते तासाभरात आले, भोकात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, हे बुजवा. त्याच्या दोन बाजूंना दोन नवे घ्या, वरची काँक्रीटची टोपी रुंद करा. वीसाचे एकवीस झाले. त्या दिवसानंतर काँक्रीट तयार असल्याशिवाय एकही गड्डा कापला गेला नाही.

मला सगळ्यात नवल वाटलं ते प्लिंथ बीमचं, म्हणजे भिंती ज्यावर उभ्या राहतात त्या आडव्या तुळईचं. पाइलच्या टोप्यांवरून बीम गेला, पण जमिनीला टेकला नाही. नियम किमान ८० मिलिमीटर पोकळी सोडायला सांगतो, आम्ही १०० सोडली. बीमखाली सैल वाळू पसरून तिच्यावर सेंट्रिंग केलं आणि बीम पक्का झाल्यावर वाळू उपसून काढली. पोकळीत बाहेरची माती जाऊ नये म्हणून कडेनं विटांचा आडोसा. फुगायचं तर काळीनं त्या पोकळीत फुगावं, बीमला हात लावू नये. तळमजल्याच्या फरशीखालची काळी तीन फूट काढून तिथे मुरूम थराथरानं पाणी मारून, रोलर फिरवून दाबला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याची ही पद्धत मुंबई आयआयटीचे प्रा. कट्टी यांनी अभ्यासानं मांडली, असं सरांनी सांगितलं. घराभोवती सहा फूट रुंद फरसबंदी, बाहेरच्या बाजूला उतार. मोरीचे पाइप थेट चेंबरमध्ये. बागेतलं पाणी भिंतीपासून दूर. आणि घराजवळ मोठं झाड नाही. हे शेवटचं मला जड गेलं. कडुनिंबाशिवाय अंगण मला अंगण वाटत नाही. शेवटी प्लॉटच्या अगदी टोकाला, घरापासून लांब, अप्पांनी एक शेवगा लावला.

सरांनी मागच्या बाजूला विटांच्या आडोशात वीतभर जागा सोडून तिला झाकण लावायला सांगितलं होतं. ओहोळ गेला होता त्याच ठिकाणी. आम्ही मार्चमध्ये राहायला आलो तेव्हा अप्पांनी झाकण काढून आत पट्टी धरली आणि बीमपासून मातीपर्यंतचं अंतर कॅलेंडरवर लिहून ठेवलं, १० सेंटीमीटर. पहिला पावसाळा मोठा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बॅटरी घेऊन मागे गेले, गुडघ्यावर बसले आणि मला हाक मारली. पट्टी मी धरली. सव्वाआठ. खाली काळी पावणेदोन सेंटीमीटर वर आली होती. अप्पा उठले, आत जाऊन देवघराचं दार लावून पाहिलं, उघडलं आणि पुन्हा लावलं.